ऊन पडलं की गार होतं

ऑक्टोबरच्या मध्यावर एखाद्या सकाळी मला भिंतीतल्या आवाजाने जाग येते. आत कुठेतरी टक् होतं. थोड्या वेळाने शेजारच्या खोलीत टक् होतं. मग खिडकीखालच्या रेडिएटरच्या पोकळ लोखंडी खणांतून पाणी पुढे सरकल्याची अगदी बारीक खळखळ ऐकू येते. सहा महिने थंड पडलेलं लोखंड गरम होऊन फुगायला लागलेलं असतं. पाठोपाठ वास येतो, उन्हाळाभर साठलेली धूळ भाजल्याचा. मॅसॅच्युसेट्समधला हिवाळा माझ्या घरी असा येतो. आधी कानाला कळतो, मग नाकाला, आणि बर्फ होऊन डोळ्यांना दिसतो तो सगळ्यांत शेवटी.

यंदाही तो तसाच आला. मी पांघरुणातूनच हात लांब करून रेडिएटरवर ठेवला. लोखंड कोमट होतं, नुकत्याच रिकाम्या केलेल्या चहाच्या कपासारखं. दर वर्षी त्या कोमटपणापाशी मला वत्सलाकाकू आठवतात आणि इथल्याच श्रूजबरी गावातला तो एक हिवाळा आठवतो.

मी नागपूरची. आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे खिडकीला लावलेला कूलर, त्याच्या वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास, आणि दुपारी त्यात बादलीने पाणी ओतायचं काम, जे घरात सगळ्यांत धाकटी म्हणून माझ्याकडे असायचं. गारवा मेहनतीने मिळवायचा आणि ऊब फुकट, असाच हिशेब डोक्यात पक्का बसला होता. एम.एस. करायला इकडे आले आणि तो उलटा झाला. शिकून झाल्यावर नोकरी लागली तीही जुन्या इमारतींची हीटिंग दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कंपनीत. आईला फोनवर माझं काम समजावून सांगताना मी म्हणायचे, बाहेर जितकी थंडी वाढेल तितकं आतल्या नळ्यांतलं पाणी जास्त गरम करायचं, बस. आई म्हणायची, त्याला इंजिनियर कशाला लागतो. तिचंही खरंच होतं. एके काळी हे काम बॉयलरपाशी बसलेला माणूस आकाशाकडे बघून करत असे.

आता ते एक डबी करते. इमारतीच्या बाहेर, उत्तरेच्या भिंतीवर, सावलीत, काड्यापेटीहून थोडी मोठी अशी ती डबी असते. तिची तार तळघरात जाते. बाहेरचा पारा जसजसा उतरतो तसतसं बॉयलरमधलं पाणी जास्त तापतं. साधा थर्मोस्टॅट खोली गार होण्याची वाट पाहतो, माणूस कुडकुडल्यावर जागा होतो. ही डबी वाट पाहत नाही. थंडी अजून भिंतीच्या पलीकडेच असते तेव्हा तळघरात तिची तयारी सुरू झालेली असते.

हे कॉलेजात मी शिकले होते, गणितंही सोडवली होती. पण प्रत्यक्ष पाहिलं ते नोकरीच्या पहिल्या डिसेंबरमध्ये. एका तळघरात बॉयलरच्या पॅनलसमोर उभी होते आणि बाहेर बर्फाचं वादळ यायला लागलं होतं. पॅनलवर दोन आकडे होते, एक बाहेरच्या हवेचा, एक पाण्याचा. एक अंशा-अंशाने खाली येत होता आणि दुसरा त्याच्याकडे पाहत पाहत वर जात होता. कुणी कशाला हात लावत नव्हतं. वरच्या तीन मजल्यांवर माणसं जेवत होती, टीव्ही बघत होती, कुणाला पत्ता नव्हता की आभाळ बदललंय आणि त्यांच्या पायांखालचं पाणी त्याला उत्तर देतंय. मी काम संपल्यावरही अर्धा तास तिथेच उभी राहिले. देवळात उभं राहिल्यावर बोलावंसं वाटत नाही, तसं झालं होतं.

श्रूजबरीची ती इमारत पूर्वी शाळा होती. लाल विटांची, तीन मजली, माणसाच्या दुप्पट उंचीच्या खिडक्यांची. शाळा बंद झाल्यावर वर्गांच्या खोल्या पाडून तिथे म्हाताऱ्या माणसांसाठी चाळीस लहान घरं केली होती. इमारतीची देखभाल वॉल्टर नावाचा गृहस्थ करायचा. साठीचा, कमी बोलणारा. आता जिथे कपडे धुवायची मशिनं आहेत तिथे तो तिसरीत बसत असे, हे त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याच्याकडे अशा आणखी दोन इमारती होत्या, त्यामुळे शाळेत तो दुपारी दोननंतरच यायचा.

नोकरीला काही वर्षं झाली होती तेव्हाच्या एका जानेवारीत मी तिथे एक पंप बघायला गेले होते. काम आटोपून दुसऱ्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये आईशी फोनवर बोलत होते, तेवढ्यात उत्तरेकडच्या एका घराचं दार उघडलं आणि एक बाई नुसत्याच बघत उभ्या राहिल्या. सत्तरी ओलांडलेल्या, ठेंगण्या, नऊवारी नाही पण पाचवारी साडी, पायांत लोकरीचे मोजे. माझा फोन संपेपर्यंत त्या थांबल्या आणि मग म्हणाल्या, आत ये, चहा टाकते. नाव-गाव विचारायच्या आधीच.

त्या वत्सलाकाकू. मूळच्या सांगलीच्या. तिथे वीस-बावीस वर्षं त्यांनी पापड, कुरडया, सांडगे करून विकले होते आणि त्यावर मुलाला शिकवलं होतं. तो मिलिंद इथून दहा मिनिटांवर राहायचा, सॉफ्टवेअरमध्ये होता. त्याच्या घराला जिने फार आणि काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्या लिफ्ट असलेल्या या इमारतीत आल्या होत्या. स्वतःच हट्ट करून. मुलगा, सून, नात सगळी दिवसभर बाहेर, त्या भल्यामोठ्या घरात मी काय करू, असं त्यांचं म्हणणं.

मी हीटिंगचं काम करते म्हटल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"मग तुलाच सांगते," त्या म्हणाल्या. "ऊन पडलं की माझी खोली गार होते."

मी हसले नाही, पण हसण्याच्या जवळ गेले होते. समजुतीच्या सुरात त्यांना सांगितलं की उन्हाने इमारत तापतेच, बॉयलरला कमी काम पडतं, तेव्हा उन्हाच्या दिवशी गार वाटत असेल तर ते दुसऱ्या कशाने तरी असेल. उठून रेडिएटरला हात लावला. चांगला तापलेला होता. दुपारचे तीन वाजले होते. काकू माझ्या हाताकडे बघत राहिल्या. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. हेच उत्तर त्यांना आधी बऱ्याच जणांनी दिलं होतं.

निघताना त्यांनी मला रेडिएटरच्या झाकणावरचे दोन कागद दाखवले. दोन्हींवर मेथी पसरलेली होती. इंडियन स्टोअरमधून जुड्या आणून त्या कसुरी मेथी करायच्या, मिलिंदकडे लागते म्हणून. एका कागदावरची पानं चुरचुरीत वाळली होती, बोटांनी दाबताच भुगा होत होता. दुसऱ्यावरची नुसती मलूल पडली होती.

"ही ढगाच्या दिवसाची, आणि ही उन्हाच्या," काकू म्हणाल्या. "आयुष्यभर मी उन्हाकडं बघून वाळवणं घातली. हे असं उलटं कधी बघितलं नव्हतं."

पुढची गोष्ट मला खाली वॉल्टरकडून समजली. त्या बाई गोड आहेत, तो म्हणाला, पण त्यांचं जरा बिनसत चाललंय. खोली गार आहे म्हणून तक्रार करतात, मी जाऊन बघतो तर गरम असते. त्यातच नोव्हेंबरमध्ये एकदा त्यांची शेगडी चालू राहिली होती. शेजारणीला त्यांनी दोनदा भलत्याच नावाने हाक मारली होती. इमारतीत आठवड्यातून एकदा येणाऱ्या नर्सने सगळं लिहून ठेवलं होतं: स्वच्छ उन्हात स्वेटर आणि दोन शाली घेऊन बसतात, ऊन असलं की थंडी वाजते म्हणतात, खोली तपासली असता गरम. मुलाशी बोलणं झालं होतं. पुढच्या गुरुवारी एक डॉक्टर त्यांना तपासणार होते आणि मग बहुतेक त्यांना तासाभराच्या अंतरावरच्या एका ठिकाणी हलवणार होते, जिथे विसराळू म्हाताऱ्यांसाठी वेगळा मजला आहे आणि त्याचं दार बाहेरून बंद असतं.

मी गाडीत येऊन बसले. मनात आलं, आपल्याला काय करायचंय, पंप दुरुस्त झाला. पण बोटांना मेथीचा कडवट वास येत होता आणि तो घरी जाऊन हात धुतले तरी गेला नाही. माणूस विसरतो, माणसाला भास होतो. मेथीच्या पानांना भास कसा होईल?

तीन दिवस ढग होते. चौथ्या दिवशी आभाळ असं निळं उघडलं की बर्फाकडे बघवत नव्हतं. माझं त्या दिवशीचं पहिलं काम दुसरीकडे होतं, ते मी पुढे ढकललं आणि दहा वाजता शाळेत पोचले. वॉल्टरला फोन करून खास बोलावून घेतलं होतं. तो कुरकुरत आला. गाडीतल्या आकड्याप्रमाणे बाहेर अठरा फॅरनहाइट होतं, म्हणजे पाणी गोठतं त्याच्याही बरंच खाली. नाकातला ओलावा गोठून टोचत होता. आम्ही तळघरात उतरलो. बॉयलर बंद होता. पॅनलवर बाहेरच्या हवेचा आकडा होता एकसष्ट.

इमारतीच्या लेखी वसंत आला होता. साठच्या वर आकडा गेला की बॉयलर समजतो, आता कुणाला उबेची गरज नाही, आणि स्वतः बंद होतो. वॉल्टरने पॅनलवर टिचकी मारून पाहिली. मी जिना चढून बाहेर पळाले.

उत्तरेच्या भिंतीवर, जिथे डबी असायला हवी होती, तिथे नुसती दोन भोकं होती. मी बर्फातून इमारतीला वळसा घातला. गुडघ्यापर्यंत बर्फ, आणि वरचा थर कडक, पाय टाकला की कचकन आत. आग्नेयेच्या कोपऱ्यावर, लाल विटांवर, भर उन्हात ती बसली होती. आदल्या उन्हाळ्यात कुणी कामगारांनी उत्तरेच्या भिंतीचे सांधे भरताना ती काढली असणार आणि तार जिथवर पुरली तिथे परत ठोकली असणार. वर खिडक्यांच्या चौकटींना लावलेला गडद तपकिरी रंगही तिच्यावर फासला होता. मी हातमोजा काढून बोट टेकवलं. त्या जीवघेण्या थंडीत ती डबी गरम होती, मांजराच्या पाठीसारखी.

मी वॉल्टरला फोन लावला आणि आकडा वाचत राहायला सांगितलं. मग हात वर करून तळवा सूर्य आणि डबी यांच्या मध्ये धरला.

एकसष्ट, वॉल्टर म्हणाला. बराच वेळ एकसष्टच. मग साठ. माझ्या तळव्याची सावली विटांवर पडली होती, पाच बोटांची, निळसर. एकोणसाठ. हात बधिर झाला तशी मी दुसरा लावला. सत्तावन्न म्हणताना वॉल्टरचा आवाज बदलला होता. मग तो म्हणाला, "पेटला."

मी मान वर केली. छपराच्या कडेवरच्या चिमणीतून पांढरी वाफ निघाली, आधी एक पुंजका, मग सरळ उभी रेघ, निळ्या आभाळात चढत जाणारी. माझ्या हाताच्या सावलीने चाळीस घरांचं पाणी हललं होतं. ते समजायला मला वेळ लागला. कागदावर जे समीकरण म्हणून ओळखीचं होतं ते त्या क्षणी एवढं मोठं होऊन समोर उभं राहिलं की मी हात खाली घ्यायचीच विसरले. एका माणसाच्या तळव्याएवढी सावली, आणि तिच्या मागून बॉयलर, नळ्या, टनावारी लोखंड, चाळीस खोल्यांची हवा.

डबीवर पुठ्ठ्याचा आडोसा बांधून मी काकूंकडे गेले. त्या दोन शाली गुंडाळून रेडिएटरपाशी खुर्ची ओढून बसल्या होत्या, हात लोखंडावर. खोलीत माझा श्वास दिसेल की काय असं वाटत होतं. मी काही सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी मला खूण करून थांबवलं आणि माझा हात ओढून आपल्या हाताशेजारी ठेवला. लोखंड बर्फासारखं होतं. मग खालच्या नळीत टक् झालं.

"येतंय," काकू हळूच म्हणाल्या. "आधी तळाला कळतं. मग कडेनं वर चढतं. शेवटचा खण भरायला माझी हनुमानचालिसा तीनदा होते."

आणि तसंच झालं. मी इतकी वर्षं या कामात होते, पण रेडिएटर भरताना त्यावर हात ठेवून शेवटपर्यंत बसले नव्हते. खणाखणातून ऊब चढत आली, एकेक करून, आणि तिसऱ्यांदा काकूंचे ओठ थांबले तेव्हा शेवटचा खण खरोखरच गरम झाला होता.

सगळं मग इतकं सरळ होतं की लाज वाटावी. ऊन सकाळी डबीवर पडायचं आणि दीड वाजता कोपऱ्यामागे जायचं. दक्षिणेकडच्या घरांना तेवढा वेळ सूर्यच ऊब द्यायचा, तिथे कुणाला फरक जाणवत नव्हता. उत्तरेकडच्यांपैकी बरेचसे दिवसा म्हाताऱ्यांच्या डे-सेंटरला जायचे, एक-दोघांनी विजेचे हीटर घेतले होते. दिवसभर त्या बाजूला नुसत्या रेडिएटरच्या भरवशावर बसणारं माणूस एकच होतं. आणि वॉल्टर यायचा दोननंतर, नर्स दुपारी, मिलिंद संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर. प्रत्येकाने प्रामाणिकपणे हात लावून पाहिलं होतं आणि प्रत्येकाला लोखंड गरम लागलं होतं. मलाही.

पॅनलच्या आठवणीत मागच्या दोन महिन्यांचे आकडे साठलेले होते. मी ते छापून काढले. वॉल्टरने त्याची तक्रारींची वही आणली. आम्ही दोघं कपडे धुवायच्या खोलीत, मशिनवर कागद पसरून, एकेक तारीख लावत बसलो. काकूंच्या अकरा तक्रारी होत्या. अकराच्या अकरा दिवशी सकाळी डबीचा आकडा साठच्या वर गेला होता आणि बॉयलर बंद पडला होता. ढगाळ दिवशी एकही तक्रार नव्हती. एक दिवस असा होता की वहीत त्यांच्या नावापुढे सकाळची वेळ होती, साडेदहा, आणि आकड्यांप्रमाणे त्या दिवशी ऊन साडेनऊलाच आलं होतं. रेडिएटर पूर्ण गार व्हायला तेवढाच वेळ लागतो. ज्या बाईच्या डोक्याबद्दल शंका होती तिच्या बोलण्यात दोन महिन्यांत एक चूक सापडली नाही. आणि ज्या यंत्रावर आम्ही सगळे विसंबलो होतो ते दर उन्हाच्या दिवशी चार तास चुकत होतं.

वॉल्टरने टोपी काढून मशिनवर ठेवली. मग तो कुणाला काही न सांगता वर गेला. मी मागून गेले तेव्हा तो काकूंच्या दारात उभा राहून आपली चूक कबूल करत होता, सावकाश, साध्या इंग्रजीत, म्हणजे त्यांना प्रत्येक शब्द कळावा. काकूंनी ऐकून घेतलं आणि त्याला डब्यातून चिवडा दिला. त्याच दुपारी त्याने शिडी लावली आणि डबी उत्तरेला नेऊन बसवली, सावलीत, तिच्या जागी.

त्या हिवाळ्यात मी तिथे बरेचदा गेले. काम म्हणावं तर नव्हतं, नवीन जागेवर पाणी किती गरम ठेवायचं ते थोडं-थोडं बदलून बघायचं होतं. ते आकडे मी आता पॅनलवर बघून ठरवत नव्हते, काकूंना विचारून ठरवत होते. त्या सांगायच्या, परवा वारं होतं तेव्हा पहाटे जरा कमी पडलं, काल बरोबर होतं. बाहेर किती थंडी असताना पाणी किती गरम हे ठरवणारी एक रेघ पॅनलमध्ये असते, त्या म्हणतील तसं मी खाली जाऊन ती जराशी उचलायची. फेब्रुवारीच्या शेवटाला असे दिवस आले की बाहेर कितीही वर-खाली होवो, खोली तशीच राहायची. भिंतीतून जेवढी ऊब बाहेर झिरपत होती तेवढीच नळीतून आत येत होती, ना जास्त ना कमी. काकू म्हणाल्या, आता हीटिंग आहे हेच कळत नाही. माझ्या कामाला याहून मोठी दाद मला आजवर मिळालेली नाही. अजूनही एखाद्या नव्या इमारतीत गेले की तळघरात उतरायच्या आधी मी वर जाते आणि कोण दिवसभर घरात असतं ते विचारते.

पण त्या आधीचा एक शनिवार सांगायचा राहिला. डबी हलवल्यानंतरचा, गुरुवारच्या आधीचा. मिलिंद येणार होता आणि काकूंनी मलाही बोलावलं होतं. कागद तूच दाखव, मी सांगितलं तर परत तेच होईल, असं त्या म्हणाल्या होत्या.

तो आला तो घाईत. चाळिशीचा, दाढी वाढलेली, फोन हातात. माझ्याशी अदबीने बोलला. शेगडीचं, शेजारणीच्या नावाचं सगळं त्याने सांगितलं, आणि यात त्याला आनंद नाही हे दिसत होतं. आईला एकटं ठेवायची भीती वाटते, तो म्हणाला, रात्री फोन वाजला की छातीत धडधडतं. मी छापलेले कागद आणि वॉल्टरच्या वहीची पानं त्याच्यापुढे ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. मेथीचंही सांगितलं. आकडे वाचणं हे त्याचं रोजचंच काम. त्याने बोट ठेवत ठेवत एकेक तारीख पाहिली. सातव्या-आठव्या तारखेपाशी बोट थांबलं, आणि मग पुढच्या तारखा त्याने पाहिल्याच नाहीत.

खिडकीबाहेर ऊन होतं. खोली उबदार होती. काकू कॉटवर बसल्या होत्या आणि त्यांनी त्याच्याकडे जिंकल्यासारखं पाहिलं नाही. त्या फक्त बघत होत्या, तो दमलाय हे बघत असाव्यात तसं.

शेगडी चालू राहिली ती राहिलीच होती. नावंही त्या चुकत होत्या, आणि पुढे आणखी चुकणार होत्या. ते कागद पुसून टाकू शकत नव्हते. मिलिंदलाही ते ठाऊक होतं आणि मला वाटतं काकूंनाही. तरी त्याने फोन खिशात टाकला, गुरुवारचं मी रद्द करतो म्हणाला, आणि मग त्याने विचारलं,

"आई, या वर्षात तू मला अजून काय काय सांगितलंस, जे मी ऐकलं नाही?"

काकूंनी त्याला नीट न्याहाळलं. खरंच विचारतोय का, हे बघितलं असावं. मग कॉटवर थोड्या सरकल्या आणि शेजारी जागा केली.

"आहे बरंच," त्या म्हणाल्या. "कोट काढून बस."